शहराची वाट आणि बाजाराची वार्ता

मुंबईसारखे शहर कसे वाढले, हा प्रश्न शेतकऱ्याच्या कामाचा नाही, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. शहर शहराच्या जागी, शेत शेताच्या जागी. परंतु ज्या मालावर हे शहर वाढले, तो माल आपल्याच शिवारातून गेला. आणि ज्या दोन साधनांनी त्या मालाचा पैसा शहरात साठत गेला, ती दोन्ही साधने आज आपल्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहेत. एक साधन वाहतुकीचे, दुसरे वार्तेचे. माल कोणत्या वाटेने जातो आणि त्याचा भाव प्रथम कोणास कळतो, या दोन गोष्टींवर शहराची भरभराट कशी अवलंबून राहिली, हे समजून घेतल्यास आपला माल विकावयाच्या वेळी त्याचा प्रत्यक्ष उपयोग होण्यासारखा आहे. कांदा भरलेली गाडी कोणत्या दिशेस न्यावी, हा प्रश्न आपल्यापुढे दर हंगामात उभा राहतो, आणि तो याच इतिहासाचा एक तुकडा आहे.

आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाड-खानदेशातील कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन निघत आणि सह्याद्रीचे घाट उतरून मुंबई गाठण्यास त्यांस कित्येक आठवडे लागत. वाटेत धूळ बसे, अवकाळी पाऊस लागे, बैल मरत; कापूस मुंबईस पोहोचेपर्यंत त्याचा रंग व वजन दोन्ही बदललेली असत. मुंबईस बंदर उत्तम होते. पण बंदराच्या पाठीशी डोंगराची भिंत होती. जे शहर समुद्राकडे उघडे आणि देशाकडे बंद, ते वाढून किती वाढणार?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली उतारूंची आगगाडी धावली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. या २१ मैलांचे कौतुक पुष्कळ झाले. पण शहराच्या दृष्टीने खरी घटना ती नव्हे. खरी घटना म्हणजे घाट फुटले ती. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली आणि कसाऱ्याचा थळघाट १८६५ साली खुला झाला. एकट्या बोरघाटात २५ बोगदे खणावे लागले. त्या कामावर हजारो मजूर पटकीने व अपघातांनी मृत्यू पावले. ते बहुतेक आपल्यासारख्याच खेड्यांतून आलेले लोक होते आणि त्यांची नावे कोठे लिहून ठेवलेली नाहीत. १८६७ साली रूळ नागपुरास पोहोचले. १८७० साली जलंब ते खामगाव हा अवघा ८ मैलांचा फाटा सुरू झाला, तो केवळ कापसासाठी. खामगाव ही त्या काळी हिंदुस्थानातील मोठ्या कापूस बाजारपेठांपैकी एक होती. तेथे गाठी बांधावयाच्या आणि थेट मुंबईच्या धक्क्यावर उतरावयाच्या, अशी सोय झाली. जेथे आठवडे लागत तेथे दिवस पुरू लागले.

येथपर्यंत गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. दुसऱ्या साधनाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिण भागाचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या आणि त्यांच्या भागांवर सट्टा चालला. त्या काळी लिव्हरपूलच्या बाजारातील भाव मुंबईस कळावयाचा तो मुख्यतः टपालाच्या जहाजाबरोबर. प्रेमचंद रायचंद या प्रसिद्ध व्यापाऱ्याविषयी असे सांगतात की, ते आपल्या होड्या समुद्रात पुढे पाठवून बंदरास लागण्यापूर्वीच जहाजावरून भावाची बातमी मिळवीत. इतर व्यापारी धक्क्यावर वाट पाहत उभे असत, तोवर यांची खरेदी-विक्री उरकलेली असे. कापूस एकच, बंदर एकच, दिवसही एकच. फरक फक्त काही घटकांच्या वार्तेचा.

१८६५ साली युद्ध संपले. भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या, प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजारांवर होती. १८७२ साली ती ६ लाख ४४ हजार भरली. आठ वर्षांत शहर पावणेदोन लाखांनी आटले! केवळ बातमीच्या व सट्ट्याच्या जोरावर आलेली सूज उतरली. पण शहर मेले नाही, आणि याचे कारण फार बोधप्रद आहे. रूळ जागेवर होते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला होऊन विलायतेची वाट जवळ आली. १८७० साली समुद्राच्या तळाशी टाकलेली तार मुंबईस येऊन मिळाली आणि लिव्हरपूलचा भाव आठवड्यांऐवजी तासांत कळू लागला. पुढे १८७५ साली ससून डॉक व १८८० साली प्रिन्सेस डॉक ही गोद्या झाल्या. मुंबईतील पहिली सूतगिरणी १८५६ पासून चालू होती. तिच्यामागून गिरण्यांची रांग लागली. १८९१ साली वस्ती पुन्हा ८ लाख २१ हजारांवर गेली. या वेळची वाढ सुजेची नव्हती. वाट आणि वार्ता एका ठिकाणी येऊन मिळाल्या होत्या, आणि जेथे त्या मिळतात तेथे पेढी, विमा, वखार, गिरणी, दलाल व मजूर यांस येऊन वसावेच लागते.

तारेचा परिणाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. पूर्वी व्यापारी कापूस अंदाजाने विकत घेत असे. माल विलायतेस पोहोचेपर्यंत भावाचे काय होईल याची त्यास खात्री नसे, म्हणून तो शेतकऱ्यास देण्याच्या भावातून जोखमीची मोठी रक्कम कापून ठेवी. तार आल्यावर आधी तिकडचा सौदा करून मग खामगावला खरेदी करणे शक्य झाले. जोखीम कमी झाली. व्यापार नियमित झाला. पण जोखमीची जी रक्कम वाचली, तिच्यापैकी शेतकऱ्याच्या पदरात किती पडली? तार खामगावच्या पेढीवर येत होती. कापूस पिकविणाऱ्याच्या ओसरीवर ती येत नव्हती. त्याला भाव कळे तो घेणाऱ्याच्याच तोंडून. त्याची बैलगाडी एकदा बाजारात उभी राहिली की परत नेणे परवडत नसे.

या अज्ञानाची किंमत देशावरच्या शेतकऱ्याने फार मोठी दिली. तेजीच्या वर्षांत सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, सारा वाढला, आणि भाव बसल्यावर कर्ज मात्र होते तेथेच राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. त्या दंग्यास अनेक कारणे होती. अमेरिकेतील युद्धाने चढलेला व उतरलेला भाव हे त्यांपैकी एक होय. हजारो कोसांवरच्या घटनेने आपले घर बुडते आणि त्या घटनेची वार्ताही आपल्याला नसते, असा तो काळ होता.

आज लासलगावास जाऊन पाहावे. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील हे लहानसे गाव. त्याची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. रेल्वे स्थानक उशाशी आणि कांद्याचा पट्टा सभोवती, यामुळे हे गाव कांद्याची एक थोर पेठ होऊन बसले. तेथे सकाळी लिलावात निघालेला भाव दुपारच्या आत दिल्लीपासून चेन्नईपर्यंत सर्वांच्या मोबाईलवर असतो. पूर्वी आकाशवाणीवरून संध्याकाळी बाजारभाव ऐकावयाचे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राशी ताडून पाहावयाचे, अशी रीत होती. आता कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक व भाव पाहावयास मिळतात, आणि १४ एप्रिल २०१६ पासून ई-नाम ही राष्ट्रीय बाजार व्यवस्थाही चालू आहे. तेव्हा तारेचा लाभ आता ओसरीपर्यंत आला, प्रश्न मिटला, असे म्हणावयाचे काय?

येथे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहू. पहिला केरळच्या उत्तर किनाऱ्यावरचा. तेथील कोळी पूर्वी पकडलेले तारली मासे आपल्या नेहमीच्या बंदरावरच आणीत. एखाद्या दिवशी त्या बंदरावर मासळीचा ढीग पडे व ती फेकून द्यावी लागे. त्याच वेळी चार-सहा कोसांवरच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जाई. १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाईलचे मनोरे उभे राहिले आणि कोळी भर समुद्रातून निरनिराळ्या बंदरांवरचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. पूर्वी मासळीपैकी शेकडा ५ ते ८ वाया जात असे, ती नासाडी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सुमारे शेकडा ८ वाढला आणि गिऱ्हाइकास मासळी शेकडा ४ स्वस्त मिळू लागली.

दुसरा अनुभव आपल्याच महाराष्ट्रातला. २००७ साली येथे शेतकऱ्यांच्या मोबाईलवर बाजारभाव व हवामान संदेशाने कळविणारी एक व्यापारी सेवा निघाली. दोन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे शंभर खेड्यांतील हजारभर शेतकऱ्यांचा अभ्यास करून, ज्यांस ही सेवा फुकट देवविली त्यांस अधिक भाव मिळाला काय, हे तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, मिळालेल्या भावात सरासरीने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

एके ठिकाणी लाभ, दुसऱ्या ठिकाणी नाही, याचे कारण काय असावे? मला वाटते, कारण वाटेत आहे. कोळ्याची होडी मुळातच पाण्यावर असते. सुकाणू वळविले की बंदर बदलले. वार्ता कळताच तिच्याप्रमाणे वागणे त्याच्या हाती आहे. आपला शेतकरी मात्र वीस-पंचवीस क्विंटल माल घेऊन बसलेला असतो. तेवढ्यासाठी स्वतंत्र ट्रक परवडत नाही, गावातून निघणारी गाडी ठराविक बाजारालाच जाते, आणि पेरणीच्या वेळी घेतलेली उचल त्याच अडत्याकडे फेडावयाची असते. आमच्या मंडळातील एका वयस्कर शेतकऱ्याने हे मला एका वाक्यात सांगितले : ‘साहेब, भाव तुमच्या मोबाईलात आहे, पण गाडी अडत्याच्या अंगणात आहे.’

हे वाक्य मला तेव्हा नीट कळले नव्हते, म्हणून माझ्याकडून एक चूक घडली. ती येथे सांगतो. आपल्या सहकाऱ्यांस उपयोगी पडेल.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळी कांद्याच्या हंगामात अकरा शेतकऱ्यांचा माल एकत्र करून एक मोठा ट्रक दूरच्या बाजारात पाठवावा, असे मी सुचविले. जवळच्या बाजारात क्विंटलला १,४०० रुपये भाव होता. दूरच्या बाजाराचा भाव मला रात्री मोबाईलवर १,७५० दिसला. साडेतीनशेंचा फरक! सर्वांनी विश्वासाने १६० क्विंटल माल भरला. तेथे गेल्यावर भाव मिळाला १,५००. मी पाहिला होता तो ‘कमाल’ भाव. तो मोठ्या, एकसारख्या, सुकलेल्या निवडक मालाचा असतो. आमचा माल अकरा घरचा, लहान-मोठा मिसळलेला. त्याने ‘सर्वसाधारण’ भावाच्या रांगेत बसावयाचे होते, आणि त्या रकान्याकडे मी पाहिलेच नव्हते. आवक किती आहे हेही पाहिले नव्हते. आदल्या दोन दिवसांत ती वाढत चालली होती. भाडे क्विंटलला १८० रुपये पडले. जवळच्या बाजारास ते ४० पडले असते. ट्रक एक दिवस रांगेत उभा राहिला, त्यात दोन क्विंटलची तूट आली. हिशेब केला तेव्हा भाडे वजा जाता हाती २ लाख ८ हजार २०० रुपये आले. तोच माल जवळ विकला असता तर २ लाख १७ हजार ६०० आले असते. माझ्या सल्ल्याची किंमत ९ हजार ४०० रुपये झाली आणि ती अकरा घरांनी भरली. कोणी मला बोलले नाही. पुढले दोन महिने त्या गावी मोटारसायकल थांबविताना मलाच संकोच वाटे.

त्याच शेतकऱ्यांनी पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न केला, हे त्यांचे मोठेपण. या वेळी काढणीनंतर माल चाळीतच निवडून मोठा गोळा व गोलटी वेगळी केली. पाच दिवस आवक आणि सर्वसाधारण भाव वहीत लिहून ठेवला. ट्रक ठरविण्यापूर्वी दूरच्या बाजारातील दोन खरेदीदारांशी बोलून मालाची छायाचित्रे पाठविली. मग मोठा गोळा तेवढा दूर धाडला आणि गोलटी जवळच विकली. भाडे व तूट वजा जाता दूरच्या मालावर क्विंटलमागे सुमारे ११० रुपये अधिक सुटले. रक्कम डोळे दिपविणारी नाही. पण त्या दिवशी गाडी कोणत्या दिशेस न्यावयाची हे शेतकऱ्यांनी स्वतः ठरविले होते.

आपल्या कृषी सहायक बंधु-भगिनींना यावरून एवढेच सुचवावेसे वाटते की, फळ्यावर नुसता भाव लिहू नये. किमान, कमाल व सर्वसाधारण हे तिन्ही आकडे लिहावेत, शेजारी आवक लिहावी आणि त्या बाजारापर्यंतचे क्विंटलमागे भाडेही लिहावे. भाडे वजा केल्यावर उरतो तोच खरा भाव. शंका असल्यास किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनाशुल्क क्रमांक शेतकऱ्यांच्या भिंतीवर असावा.

शहराकडे पुन्हा वळू. १८७० साली जे खामगावच्या फाट्यावर घडले, ते आज भिवंडीच्या परिसरात घडत आहे. न्हावाशेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले. एका बाजूस ते, दुसऱ्या बाजूस मुंबई, मधून महामार्ग. तेथील भातशेतीच्या जमिनींवर मैलोगणती वखारी उभ्या राहिल्या. शहरातील गृहिणी मोबाईलवर बोट ठेवते आणि माल या वखारींतून निघतो. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या दारापर्यंत खुला झाला. वेगाने जाणारी गाडी वाटेवरच्या सर्व गावांस सारखा लाभ देत नाही. ती जेथे थांबते तेथेच बाजार वसतो. म्हणून चढ-उताराच्या नाक्यांजवळ कोणती सोय उभी राहते, आणि ती शेतकऱ्यांच्या मालकीची असते की नाही, इकडे आपले लक्ष हवे. आगगाडीच्या बाबतीतही तसेच आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारातील दानापुरास पहिली किसान रेल सुटली. त्या वेळी थोडा मालही नोंदविता येई आणि वाटेतल्या स्थानकांवर चढविता येई, हे तिचे वैशिष्ट्य होते. लहान शेतकऱ्याला वेगापेक्षा या सवलतीचे मोल अधिक.

वार्ता शहराकडून गावाकडेच यावी, असाही नियम नाही. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात त्यांची रीत पाहा. २००३ साली औषधांच्या अवशेषांमुळे आपल्या द्राक्षांवर तिकडे आक्षेप आला होता. त्यानंतर अपेडा या केंद्रीय संस्थेने ग्रेपनेट ही व्यवस्था उभी केली. तीत प्रत्येक बागेची नोंद होते, अवशेषांची तपासणी प्रयोगशाळेत होते, आणि परदेशातील पेटीवरून माल कोणत्या बागेतला हे शोधता येते. शीतपेटी न्हावाशेवाच्या बंदरातून बोटीवर चढते. तिच्या आधी बागेची माहिती तेथे पोहोचलेली असते. येथे बागाईतदार केवळ भाव ऐकणारा राहिला नाही. त्याच्या फवारणीच्या वहीला बाजारात किंमत आली आहे. सर्व पिकांस हे एकदम जमणार नाही. परंतु आमच्या अकरा शेतकऱ्यांनी मालाची निवड करून छायाचित्रे धाडली, तो याच रीतीचा लहानसा आरंभ होय.

यंदा त्या गटात एकोणीस घरे आहेत. चावडीसमोरच्या फळ्यावर पाच रकाने आखले असून, अकरावीत शिकणारी एक मुलगी रोज सकाळी सातला ते भरते. अडचण उरली आहे ती पाणंदीची. कांदाचाळींपासून डांबरी सडकेपर्यंतची आठशे पावलांची वाट अद्याप मातीची आहे. गेल्या आषाढात भाव चढल्याचे मंगळवारी कळले आणि ट्रॅक्टर चिखलातून शुक्रवारी बाहेर निघाला. तोवर आवक वाढून भाव दोनशेंनी उतरला होता. ग्रामसभेने पाणंदीच्या खडीकरणाचा ठराव केला आहे. दोन बांधकऱ्यांनी आपापल्या बाजूने तीन-तीन हात जागा सोडण्याचे लेखी दिले आहे. तिसऱ्याशी बोलणे चालू आहे.